उसनी हळद

माझ्या आठवणीतला दुष्काळ पिवळा आहे. बाकीच्यांना तो मातकट, करपलेला आठवतो; मला विचाराल तर पिवळाधम्मक. सकाळी छपराच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप चुलीवर उतरायची, तिच्यात धूर संथपणे फिरत राहायचा आणि तव्यावर रात्रीच्या भाकरीचा कुस्करा परतत असायचा. करडईच्या तेलाचे चार थेंब, लसूण, मिरची आणि हळद. तेलाला जपणारी आई हळद मात्र सढळ हाताने घालायची. मी अर्धवट झोपेत बघत बसायचे आणि मला वाटायचं, आज सण आहे.

सण कसला! मुखेडजवळच्या आमच्या गावात त्या वर्षी रेशनवर परदेशातली लाल ज्वारी मिळायची. मिलो म्हणायचे तिला. पिढ्यान्‌पिढ्या शेती असलेल्या घरात रेशनची लाल भाकरी खातात हे कळलं तर अब्रू जाईल, असं आईला वाटे. म्हणून भाकरी दार लावून थापायची आणि उरलेली सकाळी हळदीत पिवळी करायची. कुणी डोकावलंच तर ताटात घरची ज्वारी दिसावी.

भिंतीला भिंत लागून अक्का राहायची. तिची आईला फार धास्ती. दर आठ-दहा दिवसांनी ती वाटी घेऊन दारात उभी, "चमचाभर हळद देती का गं?" आई तव्यावर ताटली झाकायची, दार अर्धं लोटून हळद द्यायची आणि ती गेली की करवादायची, "घरात दाणा न्हाई अन् एवढ्या हळदीचं करती काय ही? अंगाला लावती का?"

पुढे वडील लातूरच्या डाळमिलमध्ये लागले आणि आम्ही तिकडे आलो. लातूर जिल्हा झाला तेव्हा तो गुलाल बघायला अक्का एसटीने आमच्याकडे मुक्कामाला आली. आईने हौसेने पांढऱ्याशुभ्र भाकरींची चळत रचली. उरल्या, तेव्हा सकाळी त्यांचा कुस्करा झाला. माझ्या जिभेला हाड कधीच नव्हतं. पहिल्याच घासाला बोलून गेले, "आई, दुष्काळातल्या त्या लाल भाकरीच्या कुस्कऱ्याची चव न्हाई याला."

आईचं उलथणं तव्यावरच थांबलं. दहा वर्षं झाकलेली गोष्ट मी एका घासात उघडी केली होती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. अक्का खाली मान घालून चावत राहिली. खिडकीतून तेच जुनं ऊन ताटांवर आलं होतं.

"तरीच तू दार लोटून घ्यायचीस," अक्का म्हणाली.

आईने सवयीने तव्यावर ताटली झाकली.

"अगं बाई, मी तरी तुझी हळद कशात घालत होते?"

आई तिच्याकडे बघत राहिली. मग तवा खाली उतरवून तिच्या शेजारी बसली.

"अक्का, एका तव्यावर केलं असतं," ती म्हणाली, "तर हळद तरी वाचली असती."