तिकीट उतरेपर्यंत

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, सकाळी पेपर उघडायच्या आधी दोहा-मुंबई विमानाचं भाडं बघायचे. नाशिकला त्यांच्या फोनवर माझ्या धाकट्या भावाने त्याचं ॲप घालून दिलं आणि माझ्या सकाळची वाट लावली. इकडे दोहातल्या अल हिलाल भागातल्या फ्लॅटमध्ये मी शाळेच्या घाईत डबे भरत असायची आणि फोन वाजायचा. 'कशी आहेस' नंतर. आधी 'आज चढलंय' किंवा 'आज जरा उतरलंय'. माझ्या मुलाला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून निघतं ते इंग्रजीच. तो म्हणायचा, आजोबा इज लाइक अ ट्रॅव्हल एजंट. अण्णांना त्याचा केवढा अभिमान.

मी इथल्या शाळेत शिकवते. सुट्टी लागते ती जूनच्या अखेरीला, आणि नेमकं तेव्हाच कतारमधल्या तमाम भारतीयांना घर आठवतं. त्या दिवसांत विमान कंपन्यांना माज चढतो. नवऱ्याच्या ऑफिसातून वर्षाकाठी तिकिटाचे म्हणून जे काही मिळतं, त्यात तेव्हा जेमतेम एकाचं जाणं होईल, येणं नाहीच. म्हणून आमच्याकडे रीतच पडून गेली होती. सुट्टी लागली तरी पडदे ओढून, एसी लावून घरातच बसायचं आणि जुलै संपता संपता भाडं खाली आलं की निघायचं. ही रीत अण्णांनी घालून दिलेली.

माहेरचं प्रत्येक कार्य मग त्या हिशेबाने ठरू लागलं. भावाच्या मुलीचं बारसंसुद्धा अण्णांनी माझ्यासाठी लांबवलं. शेवटी ते झालं तेव्हा बाळ पाळण्यात राहायला तयार नव्हतं, चक्क रांगत होतं. सगळ्या बायका हसून बेजार झाल्या. मीही हसले होते.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात अण्णांचा आवाज बारीक यायला लागला. बोलता बोलता मध्येच थांबायचे. विचारलं तर म्हणायचे, ऊन बाधलंय, नाशिक आता पूर्वीचं राहिलं नाही. आई असती तर तिने मला खरं सांगितलं असतं, पण ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. आमची तिकिटं जुलैअखेरची काढून झाली होती. अण्णांनीच दिवस निवडला होता आणि त्यावर ते भलते खूश होते.

जुलैच्या सुरुवातीला एका संध्याकाळी भावाचा फोन आला.

"ताई, अण्णा आयसीयूत आहेत. तू निघ."

मग त्याने भडाभडा सगळं सांगून टाकलं. मे महिन्यातच तपासण्या झाल्या होत्या. हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या. बायपास करावी लागेल, उशीर करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अण्णांनी मात्र ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली तारीख मागून घेतली, म्हणजे मी तोवर आलेली असेन. तिला कळलं तर आहे त्या भाड्यात धावत येईल, असं म्हणून त्यांनी भावाला शपथ घातली होती. बारसं लांबवलं तसं त्यांनी ऑपरेशन लांबवलं.

मला रडू आलं नाही, संताप आला. फोन ठेवला आणि तडक खाली ट्रॅव्हलवाल्याकडे गेले. तो बिचारा बराच वेळ कीबोर्ड बडवत राहिला आणि मग म्हणाला, "मॅडम, आज का खलास. कल सुबह मस्कत होके है, और रेट बहुत ज्यादा है." मी नवऱ्याचं कार्ड त्याच्यासमोर ठेवलं. किती, ते विचारलं नाही.

मस्कतला उतरून भावाला फोन लावला. त्याने उचलला, पण त्याला बोलता येईना. मी म्हटलं, "कधी?" तो म्हणाला, मघाशी. पुढचं विमान लागायला वेळ होता. मी तिथल्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसून राहिले. समोरून माणसं ड्युटी-फ्रीच्या पिशव्या घेऊन जात होती आणि मला त्या सगळ्यांचा राग येत होता.

लेक यायचीय म्हणून अण्णांना थांबवून ठेवलं होतं. मला त्यांचा चेहरा बघायला मिळाला. नातेवाईक म्हणाले, निदान दर्शन तरी झालं. मला ते ऐकवेना.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करून भाऊ घरी आला आणि मी त्याला धरलं. फोन आला त्या दिवशी अण्णांना सकाळीच दवाखान्यात नेलं होतं, हे मला एव्हाना समजलं होतं. दुपारच्या विमानात तेव्हा जागा होती. मी रात्रीपर्यंत नाशिकला पोचले असते आणि अण्णा दुसऱ्या सकाळपर्यंत होते. मग मला संध्याकाळी का कळवलंस? मी नको नको ते बोलले. शपथा पाळायची हीच वेळ होती का, असंही बोलले. तो ओल्या धोतरात भिंतीला टेकून उभा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"ॲम्ब्युलन्समध्ये शुद्धीवर होते गं," तो म्हणाला. "मी म्हटलं, ताईला बोलावतो. तर म्हणाले, आधी बघ, आज किती आहे. मी फोनवर बघितलं आणि जे होतं ते सांगितलं. म्हणाले, फार आहे, रविवारपर्यंत उतरेल."

त्याने उपरण्याने तोंड पुसलं.

"भाडं निम्मं सांगायला हवं होतं मी, ताई. निम्मं सांगितलं असतं तर म्हणाले असते, बोलाव तिला."