शिट्टी वाजली की मूठ वर

आमचा कबड्डीचा संघ पहिल्यांदा बातमीत आला तेव्हा आम्ही जेवत होतो. सुरतेत नवागामच्या आमच्या गल्लीत एक खाणावळ आहे, ती चालवणाऱ्यांना सगळे आप्पा म्हणतात. शेवभाजीचा रस्सा वाढता वाढता आप्पांनी पळी तशीच हवेत धरली आणि ओरडले, "अरे, आपला संघ मोबाइलवर आला रे!"

सगळ्यांनी उष्ट्या हातांनी मोबाइल काढले. कामरेजकडचं एक बातम्यांचं चॅनल होतं. चॅनल म्हणजे काय, तर एक माणूस, एक माइक आणि मोबाइल. आदल्या दिवशी कामरेजला झालेल्या सामन्याचा व्हिडिओ त्याने टाकला होता. आधी मैदान, मग ओरडणारे आम्ही, आणि मग एकदम शेवटची चढाई. आमचा चढाईपटू बाजूच्या रेषेबाहेर पाय टाकतो, पंच शिट्टी मारतात, समोरचे सगळे थांबतात. हा मात्र थांबत नाही. निवांत उभ्या राहिलेल्या एका गड्याला धडक देऊन पाडतो आणि हात वर करून नाचत आपल्या बाजूला परत येतो. त्यावर लाल अक्षरांत हिंदीतून लिहिलेलं: 'नियम गया भाड़ में! बाहर से आई टीम की दादागिरी.'



"दादागिरी?" आप्पा म्हणाले. "अरे, हरलो आपण! दादागिरी करणारे हरतात का?"

"आणि बाहेरून म्हणजे कुठून? मी ह्याच गल्लीत जन्मलो," कॉलेजात जाणारा आप्पांचा पुतण्या म्हणाला.

"पकडी नाही दाखवल्या एवढ्या भारी. धक्का तेवढा तीनदा दाखवला, तोही सावकाश करून," पलीकडून कोणीतरी म्हणालं.

ज्याच्यावरून हे चाललं होतं तो कोपऱ्यात भाकरी कुस्करत होता. त्याने मान वर केली, एकेकाचा चेहरा पाहिला आणि मला हातानेच विचारलं, काय झालं?

तो माझा दादा. सख्खा नव्हे. आठवीत शाळा सोडून मी धुळ्याकडून सुरतेला आलो तेव्हा ओळखीच्या एका माणसाने मला त्याच्या खोलीवर आणून सोडलं, एवढंच आमचं नातं. पण कापडाचा यंत्रमाग चालवायला त्याने शिकवलं, ताप आला की पेज त्याने करून घातली. मी मुळात घाबरट. शेठ नुसता दारात आला तरी माझ्या हातून धागा सुटायचा. पहिल्या दिवशी मागांच्या त्या आवाजात मला रडू फुटलं, तेव्हा दादाने कापसाचे बोळे करून माझ्या कानात घातले. स्वतःच्या कानात त्याने कधी घातले नाहीत. म्हणायचा, मागांवर देखरेख करणाऱ्या मास्टरची हाक ऐकू आली नाही तर उगाच बोलणी बसतात.

आता मास्टरची हाक त्याला तशीही ऐकू येत नाही. पण मागावर त्याचं काही अडत नाही, कारण तिथे आम्ही सगळेच हातांनी बोलतो. अंगठा ओठांना लावला की चहा. मिशीवरून बोट फिरवलं की मास्टर येतोय. मूठ वर केली की माग बंद कर. आणि गल्लीत अर्ध्या माणसांशी आवाज चढवूनच बोलावं लागतं, त्यामुळे एकट्या दादाला बहिरा म्हणायचं कोणाच्या मनात येत नाही. कबड्डी खेळतानाही तो समोरच्यांचे पाय आणि चेहरे वाचत असतो. त्या दिवशी पंच त्याच्या पाठीमागे होते. समोरचे थांबले, त्याला वाटलं दमले, आणि तो तुटून पडला. हे व्हिडिओ पाहताक्षणी आमच्यातल्या प्रत्येकाला कळलं होतं.

"मग सांगून टाकू ना त्या पत्रकाराला, ह्याला ऐकू येत नाही म्हणून," पुतण्या म्हणाला.

दादाने त्याचे ओठ वाचले आणि जोरात मान हलवली. मग मला बाहेर घेऊन गेला.

त्याचं लग्न ठरत होतं. नंदुरबारकडची मुलगी, पसंती झालेली, सुपारी फुटायची बाकी. तो व्हिडिओ तिच्या गावापर्यंत पोचला होता आणि तिच्या वडिलांनी दादाच्या आईला फोन करून विचारलं होतं, मुलगा भांडखोर आहे का? आई रडत होती, असं गावच्या एकाने त्याला मोबाइलवर लिहून कळवलं होतं. एक खुलासा केला की भांडखोरपणा पुसला जाणार होता, पण त्याच खुलाशातून बहिरेपण तिच्या घरी पोचणार होतं, तेही असं, लाल अक्षरांत.

"लपवणार आहेस का तिच्यापासून?" मी विचारलं. त्याच्याकडे तोंड करून, हळूहळू.

"लपाडाचं नही रे," तो म्हणाला. "मी सांगसू ना तिले. पण समोर बसून सांगेन. फोनवर कसं सांगू? ती काय म्हणाली ते मला कळायला नको?"

तिच्याकडून फोन आला की तो मागावर आहे असं मला का सांगायला लावायचा, ते मला तेव्हा समजलं. पंधरवड्याने रजा मिळणार होती. तोपर्यंत ही गोष्ट गल्लीबाहेर जायला नको, एवढंच त्याचं मागणं होतं.

इकडे आप्पांचं डोकं तापलेलंच होतं. व्हिडिओखाली आमच्या लोकांनी इतक्या शिव्या लिहिल्या की दादागिरीचा पुरावा आम्हीच तयार करून ठेवला. शेवटी ठरलं की कोणीतरी जाऊन पत्रकाराशी नीट बोलावं. माझी गुजराती बरी, आणि मी आवाज चढवणारा नाही, म्हणून मला पाठवलं. मला आदल्या दिवसापासून भूक नव्हती. परक्या मुलखात माइकवाल्या माणसासमोर उभं राहायचं म्हणजे!

कामरेजला हायवेलगतच्या चहाच्या टपरीवर तो भेटला. माणूस वाईट नव्हता. त्याने चहा मागवला.

"बोलो ने भाई, शुं थयुं? तो का नाही थांबला?"

खरं उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. ते सांगितलं असतं तर त्याने दादाचा हिरो केला असता, गाणं लावून, डोळ्यांत पाणी आणून. मी कपाकडे बघत म्हणालो, "जोशात होता साहेब. चूक झाली. माफ करा."

संध्याकाळी नवा व्हिडिओ आला: 'टीम के समर्थकों ने मांगी माफी.' त्यात मी, हातात कप, मान खाली.

"या माफीवाले, या!" आप्पांनी खाणावळीच्या दारातच माझं स्वागत केलं. "न्याय मागायला पाठवलं तर हा आपली इज्जत चहात बुडवून आला."

"बिस्किट तरी दिलं का रे त्याने?" मागून कोणीतरी विचारलं.

सगळे हसले. मीही हसलो, पण कान लाल झाले होते. दादा पलीकडून माझ्याकडे पाहत होता. त्याने ताटातली एक भाकरी उचलून माझ्या ताटात टाकली.

पुढचा सामना कोसाडला होता आणि पत्रकार रेषेजवळ माइक घेऊन हजर होता. दादा पुन्हा शिट्टीनंतर धावला असता तर संपलंच होतं. तिकडे नंदुरबारकडे सगळे बघणार होते. दादाची पहिली चढाई सुरू झाली.  तो कोपऱ्यातल्या गड्यावर झेपावला, पाय रेषेबाहेर पडला, शिट्टी वाजली, आणि काही ठरवलं नसताना माझा हात आपोआप वर गेला. मूठ. माग बंद कर. दादा माझ्याकडेच तोंड करून होता. तो जागच्या जागी थांबला.

पुढच्या शिट्टीला आप्पांची मूठ वर गेली, त्यानंतर आमची अख्खी बाजू. मग काही जण न सांगता पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहिले, दादा कुठेही वळला तरी समोर मुठी दिसाव्यात म्हणून. सामना आम्ही जिंकलो. पण आम्ही खेळापेक्षा पंचाच्या ओठांकडेच जास्त पाहत होतो.

सामना संपल्यावर पत्रकार आला. "ये मुट्ठी का क्या चक्कर है?"

मी आप्पांकडे पाहिलं. आप्पा मात्र शांतपणे पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, "देवी का है साहेब. सीटी बजी और मुट्ठी नहीं उठाई, तो खिलाड़ी को नज़र लगती है."

रात्रीच्या जेवणाआधी व्हिडिओ आलाच: 'मोबाइल का ज़माना, फिर भी अंधविश्वास!' खाणावळीत हशा उसळला. आप्पांचा पुतण्या तेवढा चिडला. "उद्या कॉलेजात मला तोंड दाखवायला जागा नाही. खुलासा टाका."

"टाकू नको," आप्पा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली होता. "हसू दे."

त्या रात्री मी बराच विचार केला. अडाणी म्हणून लोक आम्हाला हसतात त्याची मला सवय आहे. बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे. दर वेळी आत काहीतरी आक्रसतं. ह्या वेळी तसं झालं नाही. हे हसू आम्ही दादासाठी ओढवून घेतलं होतं. व्हिडिओखाली आमच्यातल्या कोणी शिवीही लिहिली नाही.

रजा मिळाली आणि दादा गावी गेला. मी मागावर उभा राहून नको ते सगळं मनात आणत होतो. नाही म्हणाले तर? आई काय करेल? दादा परत येईल का?

तो आला. खोलीवर पिशवी ठेवली, पाणी प्यायला. मी हाताने विचारलं, काय झालं?

"मी वाक्य पाठ करून गेलो होतो," तो म्हणाला. "कुठून सुरू करू कळेना. तर तीच म्हणाली, तो देवीचा व्हिडिओ पाहिला मी. त्या मुठी कसाले वर करतस?"

"मग?"

"मग सांगितलं सगळं."

 दादा नेहमीसारखा सावकाश चपला काढत होता.

"वडील उठून बाहेर गेले तिचे. बराच वेळ आलेच नाहीत. ती बसून राहिली. मग माझ्या बाजूला होता तो स्वतःचा पाट उचलून तिने माझ्या समोर आणून ठेवला. म्हणाली, असं बसलं की दिसतं ना, मी काय बोलते ते?"

"आणि वडील?"

"ते येईपर्यंत आमचं बोलणं निम्मं झालं होतं. आल्यावर एवढंच म्हणाले, सुपारी कधी फोडायची?"

मी खाली खाणावळीत धावलो. आप्पा गर्दीत, पळी हातात. एवढ्या गोंगाटात ओरडून काही उपयोग नव्हता. मी दारातूनच हळदीचं बोट गालाला लावल्याची खूण केली. आप्पांनी पळी खाली ठेवली.