चेहऱ्यावरचं ऊन

आमच्या शेजारच्या ताईंचं तोंड त्यांच्या आधी बोलायचं, आणि बहुतेक वेळा भलतंच बोलायचं.

ताई चष्म्याच्या दुकानात काम करतात. डोळे तपासणारे डॉक्टर आत बसतात. बाहेरच्या काउंटरवर गिऱ्हाइकाला फ्रेम निवडून देणं, ती नाकावर बसवणं, काड्या कानामागे वळवणं हे ताईंचं काम. वाटतं तितकं ते सोपं नाही. कुणाचे दोन कान एका पातळीत नसतात, कुणाचं नाक एकीकडे झुकलेलं असतं. ताई समोरच्यापासून वीतभर अंतरावर उभ्या राहून त्याचा चेहरा निरखतात. मग टेबलावरचं गरम हवेचं यंत्र सुरू करतात, त्या झोतावर काडी धरून मऊ करतात आणि अंगठ्याने हलकेच वाकवतात. प्लास्टिकची काडी थंड असताना वाकवली तर कटकन तुटते.

पण झोत सुरू झाला की काडीच्या आधी ताईंचा चेहरा तापायचा. नाक, दोन्ही गाल, हनुवटी. त्याला लाली म्हणवत नसे, कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखं दिसायचं. शिवाय नुसतं दिसणं नव्हे, आत आग व्हायची, टोचायचं.

मग ज्याला जे हवं ते तो त्यात वाचायचा. गिऱ्हाईक बाई म्हणायची, "रागावलात का हो? मी आपला सहज भाव विचारला." मालक म्हणायचे, "काय ताई, सकाळी सकाळी कुणाची हजेरी घेतलीत?" एकदा भावाकडे जेवताना भावजयीच्या भावाने बाजूला घेऊन विचारलं, "ताई, थोडी थोडी घेता वाटतं?" खोकल्याच्या औषधापलीकडे ताईंनी जन्मात काही घेतलेलं नाही. भावजय तर फोटो काढायची वेळ आली की म्हणायची, "वन्सं, तुम्ही जरा मागच्या रांगेत उभ्या राहा, नाहीतर सगळे तुमच्याकडेच बघतील." हसून म्हणायची, त्यामुळे उत्तरही देता यायचं नाही.

वडील गेल्यापासून ताई एकट्या राहतात. लग्नाचं राहूनच गेलं. कुणी मोडता घातला असं नाही आणि कुणी मनावर घेतलं असंही नाही. आमच्या दोघींच्या बाल्कन्यांमध्ये कमरेइतकी भिंत आहे. संध्याकाळी मी इकडून, त्या तिकडून, अशा गप्पा चालतात. एकदा म्हणाल्या, "एकटीसाठी अर्धाच बटाटा चिरावा लागतो गं. उरलेला अर्धा दुसऱ्या दिवसापर्यंत काळा पडून माझ्याकडे बघत बसतो." मी हसले. त्याही हसल्या, पण जरा उशिरा.

अशात त्यांच्या दुकानात क्लचमास्तर यायला लागले.

हे गृहस्थ गाडी चालवायला शिकवतात. मुलांनी हट्ट धरला म्हणून मीही त्यांच्याकडेच शिकत होते. दिवसभर "क्लच, क्लच, अहो क्लच" असा जप चालतो म्हणून त्यांना हे नाव पडलं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लांब नोकरीला. शिकाऊ माणसाने अचानक ब्रेक दाबला की यांचा चष्मा नाकावरून उडून पायाशी पडे. त्यामुळे त्यांना सारखं ताईंकडे जावं लागे.

"आज कोण होतं?" ताई विचारायच्या.

"आज एक मुख्याध्यापिका होत्या. मांजर आडवं गेलं. मांजर वाचलं, माझा चष्मा गेला."

ताई काडी झोतावर धरायच्या, चेहरा लालेलाल व्हायचा आणि क्लचमास्तर नजर खाली करून काउंटरच्या काचेकडे बघत राहायचे. पुढे पुढे चष्मा धडधाकट असला तरी यायला लागले. "जरा बघता का, डावीकडे उतरल्यासारखा वाटतो." मालक मिश्कील हसायचे. ताई मला सांगायच्या तेव्हा त्यांचा आवाज निराळाच लागायचा. "आज म्हणाले, घरी गेल्यावर दिवसभराची गंमत सांगायला कुणी नसतं, म्हणून तुम्हाला सांगतो." एवढं बोलून झाडांना पाणी घालत बसल्या. घातलेलंच पुन्हा घातलं. त्यांना हा माणूस हवा होता. जेवताना समोर बसायला, उरलेला अर्धा बटाटा संपवायला. पण बोलायचं कुणी?

चेहऱ्याचं दुखणं मात्र वाढत होतं. भावजयीने दिलेलं एक गोरं करायचं मलम ताई बरेच महिने लावत होत्या. लावलं की चार तास शांत, थांबवलं की पहिल्यापेक्षा जास्त. गालांवर बारीक पुटकुळ्या आल्या. एका गिऱ्हाइकाने "हे लागण होण्यासारखं तर नाही ना?" असं विचारून फ्रेम स्वतःच घालून बघितली. मालकांनी मग ताईंना आतल्या खोलीत काचा घासायला बसायला सुचवलं. त्या दिवशी ताई बाल्कनीत आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्यांना धरून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. भिंगातून गाल पाहिले आणि विचारलं, "डोळ्यांत खुपतं का?"

"वाळू गेल्यासारखं," ताई म्हणाल्या. "दिवसभर दुसऱ्यांचे डोळे सांभाळते, स्वतःचे राहूनच गेले."

"तेही यातलंच. याला रोझेशिया म्हणतात. तुमच्या चेहऱ्याच्या बारीक रक्तवाहिन्या फार हळव्या आहेत, जराशा कारणाने फुगतात. हा संसर्ग नाही, अस्वच्छता नाही आणि दारूही नाही."

दारूचं नाव निघताच ताईंनी माझ्याकडे पाहिलं. आजवर कुणी न मागता त्यांना निर्दोष ठरवलं नव्हतं.

मग कळलं की त्या मलमात स्टेरॉइड होतं, आणि त्यानेच आगीत तेल ओतलं होतं. ते बंद करायचं. बंद केल्यावर आधी भडकेल, घाबरायचं नाही. पूर्ण बरं होईल असं वचन देता येत नाही, पण आटोक्यात नक्की राहील. प्रत्येकाला पेटवणारी गोष्ट वेगळी असते, ती आपली आपण हेरायची. कुणाला ऊन, कुणाला तिखट, कुणाला कढत चहा, कुणाला नुसती धास्ती. ढग असले तरी घराबाहेर पडताना उन्हाचं क्रीम लावायचं, डोक्यावर टोपी किंवा छत्री ठेवायची. चेहरा कोमट पाण्याने धुवायचा, खसाखसा पुसायचा नाही, बर्फ चोळायचा नाही. लावायला एक मलम आणि डोळ्यांसाठी थेंब दिले.

"आणि कुणी विचारलं तर?" ताईंनी विचारलं.

"तर सरळ सांगायचं. लपवायला तुम्ही काय चोरी केलीय?"

पुढचे आठवडे वाईट गेले. जुनं मलम सुटल्यावर चेहरा भाजल्यासारखा झाला. ताईंनी रजा टाकली आणि आरशावर टॉवेल घातला. पण नेट सोडला नाही. हळूहळू आग उतरली. दुकानात पुन्हा काउंटरवर उभ्या राहिल्यावर त्यांनी गरम हवेचं यंत्र टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं. हात लांब करून काडी तापवायच्या, चेहरा बाजूला वळवायच्या. चहा निवल्यावर प्यायच्या. "बशीत ओता की," मालक म्हणायचे. "ओतला काय नि ठेवला काय, निवल्याशी कारण," ताई म्हणायच्या. आणि कुणी विचारलं की सांगायच्या, "ऊन लागलं," नाहीतर "यंत्राची धग," नाहीतर "माझी त्वचा तशी आहे." असं धडधडीत खरं सांगण्यात त्यांना केवढं सुख होतं. सवयच जडली म्हणा ना. फोटोत पुढच्या रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा भावजयीला "ही कोणती क्रीम हो वन्सं?" असं विचारल्यावाचून राहवलं नाही.

आणि नेमके क्लचमास्तर यायचे कमी झाले.

मला कारण कळलं ते गाडीत. मी गाडी कडेला नीट उभी केली, त्यामुळे ते खुशीत होते. मी म्हटलं, "चष्मा फार दिवसांत पडला नाही वाटतं?"

त्यांनी वरचा आरसा उगाच सारखा केला. मग म्हणाले, "मॅडम, या वयात माणूस उगाच मनात इमले बांधतो. मी समोर गेलो की त्या बाई अशा लाल व्हायच्या, मला वाटायचं... जाऊ द्या. आता गेलो तर चेहरा अगदी शांत असतो. वळवून घेतात. इतकं कळू नये एवढा काही मी मठ्ठ नाही. चला, गियर टाका."

मी गियर टाकला, चुकीचा टाकला, आणि त्यांनी क्लचची आठवणसुद्धा केली नाही.

संध्याकाळी मी ताईंना सगळं सांगितलं. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. "म्हणजे ज्या तोंडाने माझा जीव नकोसा केला," त्या म्हणाल्या, "तेच त्यांना आवडत होतं?"

"तोंड नव्हे हो ताई. तुम्हाला ते आवडतात, हे आवडत होतं. आणि ते खोटं होतं का?"

"नव्हतं," असं म्हणून त्यांनी केवढा तरी वेळ कठड्यावरचा रंगाचा पोपडा नखाने काढला. "मग आता मलाच जाऊन सांगायला हवं."

सुट्टीच्या दिवशी त्या गेल्या. मी सोबत येऊ का म्हटलं तर नको म्हणाल्या. काय झालं ते मी त्यांच्याच तोंडून ऐकलं.

गाडी शिकवायच्या मैदानाच्या कडेला पत्र्याची शेड आहे. तिथे क्लचमास्तर गाडी वळवायच्या सरावाचे प्लास्टिकचे शंकू रचून ठेवत होते. ताईंना पाहून हातातला शंकू तसाच धरून उभे राहिले. "तुम्ही? गाडी शिकायची आहे का?"

"नाही. थोडं बोलायचं होतं."

"बोला ना."

पाठ करून नेलेली वाक्यं तोंडाशी आली आणि ताईंच्या कानशिलांतून ती जुनी धग वर चढली. गाल, नाक, हनुवटी. कित्येक महिन्यांनी चेहरा पेटला. क्लचमास्तर बघत होते. शंकू त्यांनी खाली ठेवला, अगदी हळू, जणू आवाज झाला तर काही बिघडेल. ताई म्हणाल्या, त्या क्षणी नुसतं गप्प उभं राहिलं असतं तरी पुरलं असतं.

पण सवय. कुणी चेहऱ्याकडे बघितलं की उत्तर तयार. ताईंच्या तोंडून निघून गेलं, "काही नाही, ऊन लागलंय."

क्लचमास्तरांनी वर पत्र्याकडे पाहिलं. मग ताईंकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो. आज ऊन फारच आहे. पाणी देऊ का?"

ताई पाणी प्यायल्या, त्यांनी ग्लास परत दिला, गाडी शिकायची फी किती ते विचारलं आणि घरी आल्या.

"शेडमध्ये होतो गं आम्ही दोघं," त्या मला म्हणाल्या. "चांगल्या गार सावलीत."

मी म्हटलं, मी बोलते त्यांच्याशी. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "माझ्या वतीने आजवर माझं तोंडच बोलत आलं. आता तू बोलणार, मग मी कधी बोलू?"

मी वाट पाहिली. आठवड्यामागून आठवडे गेले. ताई रोज छत्री घेऊन कामावर जात, रोज मलम लावत. ते मलम सोडावं असं त्यांना एकदाही वाटलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "तो चेहरा पुन्हा नकोच. माणूस मिळाला असता तरी नको." पण दुकानाचं दार ढकललं की वाजणारी घंटा ऐकून त्या अजून मान वर करतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

माझ्या शेवटच्या धड्याला क्लचमास्तर आले तेव्हा त्यांच्या चष्म्याला काळी दोरी होती, गळ्यात अडकवलेली. मी जोरात ब्रेक दाबला तसा चष्मा घसरून छातीवर लोंबकळला. त्यांनी तो उचलून पुन्हा नाकावर ठेवला.

"बरी युक्ती आहे," मी म्हटलं.

"हो. आता कुणाला त्रास नको."

हे ताईंना सांगावं की नाही, यात दोन दिवस गेले. शेवटी सांगितलं. त्या कपडे वाळत घालत होत्या.

"दोरीने पडायचा नाही," त्या म्हणाल्या. "पण त्यांचा डावा कान खाली आहे. चष्मा तिरकाच बसणार. समोरचं नीट दिसायचं नाही त्यांना."

मग उशीचा अभ्रा झटकून त्यांनी दोरीवर टाकला आणि दोन्ही टोकं ओढून सारखी केली.