अक्का आणि रिकामी टोपली

अक्का चित्र मुद्दाम चुकवायच्या. बंगळुरात, बसवनगुडीत आमच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढून पोट भरणाऱ्या या बाईंचा हात काही कच्चा नव्हता. पण भिंत रंगवायला घेतली की त्या गाईचं एक शिंग गाळायच्या, नाहीतर रिक्षाला चौथं चाक लावायच्या आणि स्टूल टाकून खुशाल बसायच्या. जाणाऱ्या-येणाऱ्याने चूक दाखवली, की ब्रश त्याच्याच हातात. तो बिचारा शिंग रंगवत असताना या हळूच ओला कचरा, सुका कचरा, तुंबलेली गटारं असे विषय काढायच्या. ब्रश टाकून पळता थोडंच येतं?

"चांगल्या चित्राला लोक छान म्हणतात नि जातात," त्या म्हणायच्या. "चुकलेलं दिसलं की स्वल्प थांबतात. तेवढं पुरे होतं मला."

त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इकडचंच. मी नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून आलेली. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मिसळलेलं, की सुरुवातीला मला निम्मंच कळे, आणि माझ्या मराठीला त्या "इस्त्रीची मराठी" म्हणत. मला राग यायचा. पण त्यांच्याकडचा चहा सोडवत नसे.

आमच्या कोपऱ्यावर लक्ष्मम्मा फुलं विकायला बसते. तिच्या मागच्या भिंतीपाशी लोक सकाळी स्कूटरवरून जाता जाता कचऱ्याच्या पिशव्या भिरकावत. घाण अशी, की मोगरा नाकाशी धरला तरी त्याचा वास येईना. गिऱ्हाइकं तुटली. शेवटी तिने जागा सोडून आनेकलला मुलीकडे जायचं ठरवलं. जायची इच्छा काडीची नव्हती, सांगताना रडत होती.

कुणीतरी सुचवलं, भिंतीवर देवांच्या फरशा बसवा, सगळीकडे तसंच करतात. अक्का भडकल्या. देवांनी तुमचं काय घोडं मारलंय, म्हणाल्या, त्यांना उकिरड्यावर राखणीला का बसवता? त्यांनी त्या भिंतीवर लक्ष्मम्माच काढली, चांगली पुरुषभर उंच. टोपली मात्र रिकामी.

मग काय, जो तो थांबून विचारू लागला, अहो, हिची फुलं कुठायत? ज्याने विचारलं त्याने एक फूल रंगवायचं. रिक्षावाल्यांनी रंगवली, शाळेतल्या बाईंनी रंगवली. पिशव्या भिरकावण्यात ज्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, त्या समोरच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनीही एक झेंडू काढला. तो इडलीसारखा दिसे, पण ते रोज तिथे उभे राहून त्याच्याकडे बघत. स्वतःच्या फुलावर कचरा कोण टाकणार? पिशव्या कमी होत होत थांबल्या. लक्ष्मम्मा राहिली.

पुढे गुडघे साथ देईनात, तशा अक्का बनशंकरीला भाचीकडे राहायला गेल्या. गल्ली मला ओकीबोकी वाटू लागली. त्यातच यंदा भिंतीच्या मालकाने डागडुजी केली आणि सगळ्या भिंतीला पांढरा रंग फासला. मी रडकुंडीला येऊन अक्कांना फोन केला.

"लक्ष्मम्मा बसते की नाही?" त्यांनी विचारलं.

"बसते."

"कचरा?"

"नाही कुणी टाकत."

"सरी, बरं झालं मग. बाई राहिली ना? चित्र जाऊ दे."

मला नव्हतं जाऊ द्यायचं. तशीच चिडून कोपऱ्यावर गेले. कोऱ्या भिंतीपुढे बसून लक्ष्मम्मा एका गिऱ्हाइकाशी गजऱ्यावरून हुज्जत घालत होती, आणि तिच्यामागे आणखी चारजणी खोळंबल्या होत्या.