ओटीवरचं रोह्याचं मशीन

किस्से कोणी जमवायला बसत नाही. मशीनच्या जाळीत कपड्यांचा भुसा साठतो, तसे ते साठतात. रोज चार धागे, एखादं बटण, कधी एखादी टिकली. एक दिवस जाळी उघडावी तर आपणच चाट पडतो. एवढं आलं कुठून! आमच्या ओटीवर गेल्या पावसात तेच झालं.

माझा महेशदादा पेणमध्ये वॉशिंग मशीन दुरुस्त करायचा. रोह्यातला एक जुना बंगला रिकामा होत होता, तिथून त्याने एक मशीन टेम्पोत घालून घरी आणलं. परदेशी, आमच्या आईपेक्षा म्हातारं! पांढरं गोल पिंप, खाली चार पाय आणि डोक्यावर दोन रबरी रोलर. हँडल फिरवलं की कपडा रोलरमधून पिळून बाहेर. "आता तुझी मनगटं दुखणार नायत," तो आईला म्हणाला. मशीनला फक्त बेल्ट नव्हता. तो आणायला दादा बसने रोह्याला गेला आणि अँब्युलन्समधून परत आला. हार्ट. लग्नसुद्धा व्हायचं होतं त्याचं. हे मला अजून तोंडाने सांगता येत नाही, म्हणून लिहून टाकलं.

तेरावं झालं आणि आई पहिल्यांदा बोलली ती भंगारवाल्याशी. "तो डबा उचल. माझं पोर खाल्लं त्यानं."

मी आतून ओरडलो, "हात लावायचा नाय! मी चालू करून दाखवतो!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीसुद्धा दचकलो. मी नववीत शाळा सोडलेली, आणि दादाच्या हातात पाना देणं एवढंच माझं या लाइनमधलं शिक्षण.

आई म्हणाली, "पाऊस उघडेपर्यंत ठेव. मंग भंगारात."

भंगारवाला म्हणाला, "येतो मावशी, पाऊस उघडला की." आणि गेला.

* * *

पहिल्याच दिवशी मी सगळं मशीन खोललं. दादा खोलताना प्रत्येक स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवायचा. मी सगळे एकाच टोपात टाकले! मग वाटलं, निदान मोटर जिवंत आहे का ते तरी बघावं. वायरी जोडल्या, पिन लावली, बटण दाबलं.

मोटर घुर्र झाली. मी आनंदाने पिंपाला मिठी मारली.

त्यानंतरचं मला आठवत नाही. माझा दोस्त सत्या तिथेच होता, तो सांगतो की मी मिठीतून सुटून थेट तुळशीपाशी जाऊन बसलो. सत्या डोलवीच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर फिटर आहे. त्याने पायातली चप्पल काढून चपलेनेच पिन उडवली.

आई दारातून सगळं बघत होती. तिचा चेहरा पांढराफटक. तिने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे आपटला आणि म्हणाली, "एकानं पोट भरलं नाय त्याचं?"



* * *

सत्या म्हणाला, "तुमच्या घराला अर्थिंगच नाय रे! खड्डा मार, पट्टी गाड, वरून कोळसा आणि मीठ टाक."

मीठ म्हटल्यावर मामा. मामा म्हणजे आईचा भाऊ, धरमतरच्या बाजूला खाडीवर त्याचा जन्म मिठागरात गेला. मी फोनवर सांगितलं, "मामा, अर्थिंगला थोडं मीठ पाहिजे."

मामा टेम्पो घेऊन आला. मागे गोण्याच गोण्या!

"मामा, थोडं म्हणालो होतो मी!"

"अरं, करंटनं तुला तुळशीपर्यंत फेकला म्हणतोस. मंग करंट काय बारका हाय?"

मिठाला कमी पडू द्यायचं नाही, हा त्याचा स्वभाव. खड्डा भरला, वर ढीग झाला, त्यावर पाऊस पडला आणि सगळं मीठ वाहत मोरीमागच्या अळूत गेलं. अर्थिंग मात्र असं झालं की पिंपाला हात लावला तर नुसतं गार लागायचं. आणि आठवड्याभरात आईचं अळू माना टाकून आडवं!

आई कमरेवर हात ठेवून उभी. मामाने एक पान तोडलं, जिभेला लावलं आणि शांतपणे म्हणाला, "ताई, फतफतं करशील तर मीठ घालू नको गो."

* * *

मशीनचे पाय गंजले होते. सत्या म्हणाला, "ते माझ्यावर सोड." मी सोडलं, आणि तिथेच चुकलो.

कंपनीत सत्याच्या हाताखाली येणारं सगळं लोखंड राक्षसाच्या मापाचं. त्याने बाहेरच्या वर्कशॉपमधून मशीनसाठी स्टँड बनवून आणला. स्टँड कसला, पुलाचा खांब! बोल्ट तर असे की एकेका मुठीत एकच मावेल.

"सत्या, यावर पिंप ठेवायचंय, क्रेन नाय!"

"मंग हलायला नको ना मशीन!"

हललं नाहीच. मी, सत्या आणि मामा, तिघांनी मिळून स्टँड ओटीवर चढवला. खालची फरशी कडकन तडकली. आवाज ऐकून आई धावत बाहेर आली, तर मामा कंबर धरून खाली बसलेला.

सत्या घाम पुसत म्हणाला, "काय करणार मावशी? यापेक्षा पातळ लोखंड माझ्या डोळ्याला दिसतच नाय!"

* * *

रंगाचं काम पक्याकडे दिलं. पक्या हमरापूरचा, दादाच्या वर्गातला. घरात सगळे गणपती रंगवणारे. दादा गेल्यावर तो महिनाभर आमच्याकडे फिरकला नव्हता. आला तो थेट ब्रश घेऊनच, आणि माझ्याशी न बोलता रंगवायला बसला.

काय रंगवलं त्याने! पिंपाला मूर्तीच्या अंगाचा गुलाबी रंग, खाली पितांबराचा पिवळा, कडेला सोनेरी रेघ. आणि शेवटी, सवयीने, दोन बटणांच्या वर डोळे! डोळे काढल्याशिवाय त्याला ब्रश खाली ठेवताच येत नाही. संध्याकाळी शेजारची काकू वाटी परत द्यायला आली, तिने पायरीवर चप्पल काढली आणि हात जोडले!

दुसऱ्या दिवशी बेल्टशिवायच पाण्याची टेस्ट. गळतं का ते बघायचं होतं. पिंप काठोकाठ भरलं, थोडं बाहेर सांडलं. आणि डोळे ओघळायला लागले! मग गुलाबी, मग पितांबर. सगळं रंगीत पाणी कपड्यांच्या दोरीखालच्या बादलीत, आणि बादलीत कंबर धरल्यापासून आमच्याकडेच मुक्कामी असलेल्या मामाची पांढरी धोतरं.

"पक्या! हा कसला रंग लावलास?"

पक्या गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. "आमचा माल पाण्यात एकदाच जातो रे नित्या. त्यानंतर रंग राहिला काय नि गेला काय!"

बोलून गेला. मग ओटीच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला. महिनाभर का आला नव्हता, ते मी विचारलं नाही. मामा गुलाबी धोतर पिळत उभा. दुसरा हात ऑइल पेंटचा मारला, तोही पक्यानेच. डोळे काढले नाहीत.

* * *

राहिला बेल्ट. रोह्याला जायला माझे पाय उचलत नव्हते. सत्या म्हणाला मी जातो, मामा म्हणाला मी जातो. शेवटी एका सकाळी कोणाला न सांगता मीच बसमध्ये चढलो.

दादा ज्या दुकानातून सामान घ्यायचा ते एसटी स्टँडपासून जरा लांब, गल्लीत. काउंटरवर एक म्हातारे शेटजी, जाड चष्मा. मी मशीनचं वर्णन सांगायला लागलो. गोल पिंप, रोलर...

शेटजींनी माझं बोलणं मध्येच तोडलं. "पेणचा का तू? तो उंचसा मिस्त्री तुझा कोण?"

"भाऊ."

"मग सांग त्याला, शेटजी रागावलेत! एवढा शोधून बेल्ट काढून दिला, काउंटरवर ठेवून गेला. म्हणाला, 'स्टँडवर चहा पिऊन येतो.' हा बघ, तेव्हापासून खिळ्याला टांगलाय. चहा संपला नाय का अजून त्याचा?"

स्टँडवरच पडला होता दादा. यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

शेटजी बेल्ट पुढे करून हसत होते. मी बेल्ट घेतला.

म्हणालो, "नाय संपला, शेटजी."

* * *

पाऊस उघडला. बेल्ट चढवला. एका रविवारी सकाळी टेस्ट ठरली, आणि नेमका तेव्हाच भंगारवाल्याचा टेम्पो दारात! आईनेच फोन केला होता. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं नाही.

बटण दाबलं. मशीन घरघरलं, पाणी गरगर फिरायला लागलं. थेंब गळला नाही, करंट आला नाही, स्टँड हलला नाही! सत्या नाचला. पक्या म्हणाला, "कपडा टाका रे काहीतरी!" आणि स्वतःचाच शर्ट काढायला लागला.

तेवढ्यात आई आत गेली. आली ती हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. रोह्याच्या दवाखान्याने दिलेली, गाठसुद्धा न सोडलेली. तिने गाठ सोडली आणि आतला निळा शर्ट काढून पाण्यात सोडला. पक्याने स्वतःच्या शर्टाची बटणं परत लावली.

धुऊन झाल्यावर तिने स्वतः हँडल फिरवून शर्ट रोलरमधून काढला, झटकला आणि दोरीवर टाकला.

भंगारवाला घसा खाकरून म्हणाला, "मावशी, मशीन उचलू?"

"शर्ट वाळू दे आधी," आई म्हणाली.

ऑक्टोबरचं ऊन. शेजारच्या अंगणात पापड टाकले की जेवणाच्या आत कडक होत होते.

पुढच्या रविवारी भंगारवाला परत आला. दोरीवर निळा शर्ट, खाली पाण्याचा ठिपका. पहाटे मशीनची घरघर मी ऐकली होती.

"मावशी, उचलू आता?"

"दिसत नाय काय तुला? अजून ओला हाय."

त्याच्या पुढच्या रविवारी त्याने टेम्पोतून उतरून स्वतः दोरीपाशी जाऊन बाही चाचपली. माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग डोक्यावरची टोपी काढून म्हणाला, "व्हय मावशी. ओलाच हाय."