साडेआठची पोस्ट

सणसर, शेळगाव आणि आजूबाजूच्या गावांच्या बातम्यांचं एक पेज मी गेली काही वर्षं चालवतो. बारामतीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो आता ज्याचा त्याचा भाचा काढतो, त्यामुळे हातात वेळ होता आणि कॉम्प्युटर होता. सुरुवातीला मी कालव्याचं पाणी कधी सुटणार, मोटारीला लाईट दिवसा आहे की रात्री, असलं उपयोगाचं टाकायचो. ते कुणी बघायचं नाही. लोकांना उपयोगाचं काही दिलं की त्यांना ते फुकटचं वाटतं, हे मी अनुभवानं सांगतो.

मग बारामतीत असली पेजं कशी चालवायची याचं एका दिवसाचं शिबिर झालं. शिकवणारा माझ्या निम्म्या वयाचा होता. पेजच्या मागच्या बाजूला आकडे असतात, ते वाचायला त्यानं शिकवलं. पोस्ट किती जणांपर्यंत गेली, ते कुठल्या गावचे, बाई की पुरुष, वय काय, दिवसाच्या कुठल्या तासाला मोबाईल उघडतात, सगळं पट्ट्यापट्ट्यांनी दिसतं. 'तुमचे लोक ओळखा,' असं तो सारखं म्हणायचा. मी पन्नाशीचा माणूस, याच मातीत वाढलेला, आणि माझीच माणसं ओळखायला त्या पट्ट्यांसमोर वही-पेन घेऊन बसलो.

दोन गोष्टी कळल्या. एक, आमचं पेज बघणारे बहुतेक गाव सोडून गेलेले, पुण्याला, पिंपरीला कंपनीत असलेले. ते ड्युटीवरून येऊन जेवायला बसले की मोबाईल उघडतात, म्हणजे रात्री साडेआठच्या सुमाराला. दुसरी गोष्ट अशी की, त्यांना सगळ्यात जास्त आवडतं ते मेलेलं माणूस. हे वाक्य वाईट आहे, पण खरं आहे. वाढदिवसाला शंभरजण हात जोडत असतील तर भावपूर्ण श्रद्धांजलीला हजारजण जोडतात. आमच्याकडे माणूस गेलं की फोनाफोनी होते आणि मातीची, म्हणजे अंत्यविधीची, वेळ कळवली जाते. हल्ली त्यासोबत फोटो आणि मजकूर माझ्याकडेही येतो. मी फोटोला हार लावतो, खाली मुलांची, नातवंडांची नावं आणि पदं घालतो, नि पेजवर टाकतो.

पूर्वी निरोप आला की लगेच टाकायचो. पण सकाळी टाकलेली पोस्ट दुपारपर्यंत शिळी होते, हे पट्ट्यांनी दाखवलं. मग मी सगळ्या श्रद्धांजल्या साडेआठला टाकायला लागलो. तोवर माती होऊन गेलेली असायची, म्हणून मातीची वेळ काढायची आणि सावडायची वेळ घालायची, एवढाच काय तो बदल. गावातल्यांना फोन गेलेलेच असतात, पुण्याचे तसेही मातीला पोचत नाहीत, मग नुकसान कुणाचं? अशी मी स्वतःची समजूत घातली होती. पेज वाढत होतं आणि मी शेफारलो होतो. लोकही कमी नव्हते. एकजण स्टुडिओत येऊन भांडून गेला, की चुलत्याला एवढे लाईक आणि आमच्या आबांना एवढेच कसे, तुमी आमची पोस्ट दाबली.

माझी आई सणसरला थोरल्या भावाकडे असते. तिला एक मोबाईल मीच घेऊन दिला आणि माझं पेज त्यात मीच लावून दिलं. तिला वाचायला जेमतेम येतं, पण फोटो बघते. मी गेलो की विचारायची, "शेळगावची काय खबर हाय का रं?" शेळगावला तिची मैत्रीण दिलेली होती. दोघी एका माहेरच्या, एका वयाच्या. पूर्वी वालचंदनगरच्या बाजारात दर आठवड्याला भेटायच्या. बाजार करून झाला तरी पिशव्या मांडीवर घेऊन तासभर बसायच्या, आणि मी कंटाळून आईचा पदर ओढायचो. पुढं दोघींचे गुडघे गेले आणि बाजार सुटला. मैत्रिणीकडे मोबाईल नव्हता. मी आईला म्हणायचो, शेळगावच्या पोस्ट फारशा चालत नाहीत, म्हणून कमी टाकतो. ती मान हलवायची.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी दहा वाजता शेळगावहून फोन आला. "दादा, आमची आई गेली. चार वाजता माती हाय. तेवढं पेजवर टाका." फोटो आला, मजकूर आला. अमुक यांच्या मातोश्री, तमुक यांच्या आजी. नाव सासरचं. आई तिला माहेरच्या नावानं हाक मारायची आणि मला तेवढंच ठाऊक होतं. फोटोतली बाई म्हातारी, गाल बसलेले. मी हार लावला, मातीची वेळ काढली, पोस्ट साडेआठला लावून ठेवली आणि जेवायला गेलो.

पावणेनऊला आईचा फोन आला. "अरं, ही माझी मैतरीण हाय की," ती म्हणाली. "माती कवा हाय?"

"झाली आई. चार वाजता."

"तुला कवा कळलं?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं. पण बोललो नाही. "सकाळी," म्हणालो.

ती म्हणाली, "अर्ध्या तासाच्या वाटंवर बसले हुते की मी. तोंड तरी बघितलं असतं." आणि फोन ठेवला.

सावडायच्या दिवशी मी तिला गाडीत घालून शेळगावला नेलं. बायकांनी तिला आत नेलं. मी बाहेर मंडपात उभा होतो, तेव्हा मैत्रिणीच्या मुलानं, ज्यानं मला फोन केला होता, माझा हात हातात घेतला. "दादा, पोस्ट लई चालली. पुण्याहून किती जणांचं फोन आलं." आई तेवढ्यात बाहेर येत होती. तिनं ते ऐकलं.

बारामतीला परतल्यावर मी आकडे उघडले. सवयच ती. वर्षभरातली सगळ्यात जास्त चाललेली पोस्ट ती होती. खाली वयाच्या पट्ट्या होत्या. पासष्टच्या पुढच्या बायकांची पट्टी दिसेल न दिसेल एवढी बारीक. शिबिरात त्या पोरानं सांगितलं होतं की असल्या पट्ट्यांकडे लक्ष द्यायचं नाही, आणि मी कधीच दिलं नव्हतं. त्यात माझी आई होती. स्वतःची मला इतकी किळस कधी आली नव्हती.

आता निरोप येईल तसा मी टाकतो. पेज निम्म्यावर आलंय. आमच्या माणसाला लाईक कमी का, असं अजून लोक विचारतात, आणि मी त्यांना जे बोलतो ते इथं लिहिण्यासारखं नाही. हे सगळं मी आईला सांगितलं, कौतुक होईल या आशेनं. ती गहू निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"माझ्या येळंला ह्यात टाकूच नगंस," ती म्हणाली. "थोरल्याला सांगितलंय मी. त्यो घरोघर माणूस धाडणार हाय."