टेबलाखालचे रामटेके सर

रामटेके सरांशी बोलताना माणूस पहिल्यांदा चिडायचाच. आपण बोलत असलो की त्यांचे ओठ हलायचे, आणि आपल्यापेक्षा अर्धा शब्द पुढे असायचे. १९९९ साली ते आमच्या कॉलेजात मुलाखतीला आले तेव्हा प्राचार्य म्हणून मी विचारलं, “एवढं एम.ए. होऊन तुम्ही सडक अर्जुनीसारख्या ठिकाणी का...” आणि “येऊ इच्छिता” हे त्यांनीच हळूच म्हणून टाकलं. मी थांबलो. तेही थांबले. मी मुद्दाम प्रश्न बदलला, तर बदललेल्या प्रश्नाचं शेपूटही त्यांच्याच तोंडात.

“हे काय चाललंय?”

“माफी असावी सर. सवय पडली आहे. सीझनमध्ये मी नाटकाचा प्रॉम्प्टर राहतो.”

आमच्या झाडीपट्टीत धान निघालं की गावोगाव नाटकं होतात. वडस्याच्या नाटक कंपन्या एका गावातून दुसऱ्या गावी फिरत असतात आणि तालमीला वेळ कुणालाच नसतो. त्यामुळे नाटक खरं तर प्रॉम्प्टरच करतो, नट ते फक्त मोठ्यानं म्हणतात. रामटेके या कामात नावाजलेले होते हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मी त्यांना घेतलं ते एवढ्याचसाठी की दुसरा उमेदवार आलाच नव्हता.

नेमणूक तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर त्या तासाचे पैसे, सुट्टीचे नाहीत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नव्यानं अर्ज. राज्यशास्त्राची कायम जागा ‘लवकरच येणार आहे’ असं मी त्यांना रुजू होतानाच सांगितलं. पुढे ते वाक्य मी दरवर्षी म्हणत गेलो, आणि तेही ओठ हलवत दरवर्षी माझ्यासोबत म्हणत गेले.

मग वरून पत्र आलं की प्रत्येक कॉलेजात करिअर मार्गदर्शन कक्ष हवा. कायम प्राध्यापकांपैकी कुणी ते ओझं घेईना. तेव्हा ज्याला स्वतःला नोकरी नव्हती त्याच्याकडे मी मुलांच्या नोकऱ्यांचं काम दिलं. त्यात काही चुकतंय असं त्या वेळी मला वाटलं नाही. व्हॉलीबॉलची जाळी ठेवायची खोली त्यांना मिळाली. जाळी ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून ती तिथेच टांगलेली राहिली. जाळीच्या अलीकडे सर बसत, पलीकडे विद्यार्थी. आत डोकावलं की तुरुंगातली भेट चालल्यासारखं वाटे.

पण मुलं जात. रामटेके कुणाला ‘ध्येय काय?’ असं विचारत नसत. ते विचारत, “घरी बांधी किती? भाऊ किती? अन् तुले झोप किती वाजता येते?” धानाच्या बांध्यांवरून, म्हणजे शेताच्या तुकड्यांवरून, ते करिअरही समजावून देत. “करिअर म्हंजे बांधीतलं पानी हो. एका बांधीत अडलं का बाजूच्या बांधीत जाते. तू कायले धुऱ्यावर बसून रडून राहिला? पार फोड न बाबू.” पोलीस भरतीत उंचीला कमी पडलेल्या एका पोराला त्यांनी अशीच पार, म्हणजे बांध, फोडून पोस्टात चिकटवलं होतं.

मुलाखतीची तयारी ते हायवेवर घेत. नागपूर-रायपूर रस्त्याच्या एका कडेला विद्यार्थी उभा, दुसऱ्या कडेला सर, मधून ट्रक. सर तिकडून ओरडून विचारत, “तुमच्यातला दोष सांगा.” पोरगा इकडून ओरडून दोष सांगे. ढाब्यावरचे ड्रायव्हर खाटेवर पडल्या पडल्या ऐकत, आणि दोष पटला नाही तर आपल्याकडून एखादा सुचवत. मी तक्रार केली तेव्हा रामटेके म्हणाले, “सर, जो ट्रकपुढं बोलला तो सायबापुढं बोलते.”

सुनीता उइके ही त्यांची अशीच एक विद्यार्थिनी. कचारगडच्या बाजूच्या जंगलातल्या गावची. वर्गात हजेरीला ‘येस सर’ म्हणायची तेही शेजारणीला ऐकू जात नसे. तिला सरांनी एक अख्खा हिवाळा हायवेवर उभं केलं. हिवाळ्याअखेर तिनं एका ट्रकवाल्याला हॉर्न बंद करायला लावलं. सरांनी त्या दिवशी कक्षात सगळ्यांना चिवडा वाटला.

आता मूल्यांकन समितीचं सांगतो. समिती येणार म्हणून मी रोजगार मेळावा जाहीर केला. रामटेके आपल्या लुनावर गोंदियाला गेले, बसनं नागपूरला गेले. एकही कंपनी आमच्याकडे यायला तयार होईना. एका साहेबानं तर नकाशात गाव दाखवा म्हटलं, आणि रामटेक्यांनी दाखवल्यावर ‘इथे तर फोल्ड आहे’ म्हणाला.

परत आल्यावर ते मला म्हणाले, “सर, एक खरी कंपनी आणू शकतो मी. नाटक कंपनी. त्याईले सीझनमध्ये पोट्टे लागतात. लाइटवाला, तिकिटवाला, हिशेब लिवनारा. पगार रोख देतात. उघड सांगू समितीले, आमच्या भागातला उद्योग हाच आहे.”

मी म्हणालो, “समितीपुढे नाटकवाले बसवता? त्यांना कोट घाला. सिमेंट, विमा, मोबाईल, असली नावं द्या आणि टेबलं भरा.”

“मंग ते नाटक होईन, सर.”

“तुम्हाला येतं ना ते?” मी म्हणालो. आणि वर हेही म्हणालो, “समिती खूश झाली तर राज्यशास्त्राची जागा सुटेल. पहिलं नाव तुमचं.”

हे मी माझ्या केबिनमध्ये, शुद्धीवर असताना म्हणालो. त्यांनी मान खाली घातली आणि कोट भाड्यानं आणायला गेले.

मेळाव्याच्या दिवशी नाटक कंपनीचे मालक भाऊराव सिमेंट कारखान्याचे मॅनेजर झाले. भाऊराव रंगमंचावर कायम खलनायक. हजारो माणसांच्या शेवटच्या रांगेपर्यंत बिनमाइकचा आवाज पोचवायची त्यांना सवय. पहिल्याच पोराला त्यांनी विचारलं, “तुमचं नाव काय?” आणि मांडवाबाहेर बांधलेली म्हैस दावं तोडून पळाली. नटांना मुलाखतीचे प्रश्न पाठ नव्हते, म्हणून रामटेके मोठ्या टेबलाच्या चादरीखाली बसून प्रश्न पुरवत होते. मुलं घाबरून उत्तरं विसरली, तर तीही तेच पुरवत होते. एकाच टेबलाखालून प्रश्न निघत होता, उत्तर निघत होतं, आणि वर दोन माणसं एकमेकांकडे बघत नुसती तोंडं हलवत होती.

समितीचे अध्यक्ष दक्षिणेकडचे होते. मराठी त्यांना येत नव्हती. टेबलाजवळ थांबून त्यांनी कान टवकारले आणि मला विचारलं, “नीचे कौन है?”

“टेक्निकल सपोर्ट, सर,” मी म्हणालो.

ते समाधानानं मान हलवून पुढे जाणार, तेवढ्यात सुनीता मुलाखतीला बसली. शेवटी तिनं, रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात, विचारलं, “पगार किती देणार?” या प्रश्नाला टेबलाखालून उत्तर येईना. सिमेंटमध्ये पगार किती असतो ते रामटेक्यांना कुठून ठाऊक? रंगमंचावर अडलं की गाणं घ्यायचं, ही भाऊरावांची रीत. त्यांनी डोळे मिटून पद उचललं. कोपऱ्यात विमा कंपनीचे अधिकारी म्हणून बसलेले ऑर्गनवाले स्वतःला आवरू शकले नाहीत. पेटी त्यांनी सवयीनं सोबत आणलीच होती.

नटांची गाडी ओळखून तोवर अर्धं गाव मांडवात जमलं होतं. पद संपताच चौकातल्या पानठेलेवाल्यानं माइक घेतला. आमच्याकडे चालतं नाटक थांबवून नटाला बक्षीस जाहीर करायची पद्धत आहे. तो म्हणाला, “सिमेंटच्या सायबाच्या भूमिकेवर खुश होऊन आमच्या ठेल्यातर्फे एकावन्न रुपये.” भाऊराव मुलाखत तशीच सोडून उठले आणि छातीवर हात ठेवून चारही दिशांना वाकले.

“ये क्या अनाउन्समेंट हुआ?” अध्यक्षांनी विचारलं.

“स्थानिक लोगों का सहयोग,” मी सांगितलं.

अध्यक्ष हेलावले. त्यांनी खिशातून नोट काढून माइकवाल्याच्या हातात ठेवली. मूल्यांकन समितीतर्फे सिमेंटच्या साहेबांना बक्षीस असं जाहीर झालं, आणि टाळ्या पडल्या. चादरीखालून रामटेक्यांचा आवाज ऐकू आला, “सुनीता, आभार मान अन् ऊठ.” ती उठली, विमावालेही उठले, शेजारच्या टेबलावरचे मोबाईलवालेही उठले.

अहवाल उत्तम आला. कॉलेजचं उद्योगजगताशी नातं जिवंत असल्याचं त्यात लिहिलं होतं.

मेळाव्यात निवड झाल्याचं समजून दोन-तीन घरी पेढे वाटले गेले होते. मी गप्प बसलो असतो. रामटेके लुना घेऊन घरोघर गेले. आधी त्यांनी पेढा खाल्ला, मग सांगितलं, “सिमेंट नाही आहे. पण तिकिटवाल्याची जागा आहे. पगार मी मिळवून देतो.” भाऊरावांनी त्या सीझनला चार पोरं खरोखर कामावर घेतली. माझ्या कारकिर्दीतल्या सगळ्या मेळाव्यांत लागलेल्या नोकऱ्या तेवढ्याच.

पुढे गोंदियाच्या एका पेपरात बातमी आली: सिमेंटच्या मुलाखतीत गायन. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी मला बोलावलं. “ही कल्पना कोणाची?”

“रामटेके सरांची,” मी म्हणालो.

एवढंच वाक्य. ते म्हणायला मला कुणाची मदत लागली नाही. पदाधिकाऱ्यांनी सांगितलं, तासिकेवर ठेवायचं तर ठेवा, पण कायम जागेसाठी हा माणूस नको. मी रामटेक्यांना केबिनमध्ये बोलावून म्हणालो, “जागा निघाली तरी तुम्ही अर्ज करू नका.” मी ते म्हणत असताना पहिल्यांदाच त्यांचे ओठ हलले नाहीत. माझं वाक्य पूर्ण झाल्यावर त्यांनी विचारलं, “कोट परत केव्हा द्याचे आहेत सर? भाडं चढून राहिलं.”

राज्यशास्त्राची जागा काही वर्षांनी खरंच सुटली. तोवर सुनीता एम.ए. होऊन पुढची परीक्षाही पास झाली होती. मुलाखतीला तिला लुनावर घेऊन आले ते रामटेकेच. रस्ताभर ते मागे वळून तिला प्रश्न विचारत होते आणि समोरच्या ट्रकला विसरत होते, असं तिनं पुढे सांगितलं. ते बाहेर पायरीवर बसले. निवड समितीत मी होतो. पोरगी अशी बोलली की विद्यापीठाचे तज्ज्ञ खुर्ची थोडी मागे सरकवून बसले.

निकाल ठरल्यावर मी बाहेर आलो. रामटेके उभे राहिले. “लागली?”

“लागली.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “आपल्या कक्षातून पर्मनंट झालेली पहिली.” आणि हसले. ती जागा त्यांनी चालवली होती, तिच्यासाठी ते इतकी वर्षं थांबले होते, आणि आता ते पँट धोतरासारखी झटकून तिला लागलेली पायरीवरची धूळ काढत होते. मला बोलायचं होतं. आत समिती अजून बसलेली होती. मी म्हणालो, “चहा घेता?” ते म्हणाले, “घेतो न.” आम्ही चहा घेतला.

त्यानंतर तासिका उरल्या नाहीत. ते पूर्णवेळ प्रॉम्प्टर झाले. मी निवृत्त झालो, नागपूरला आलो. काही वर्षांनी ऐन सीझनमध्ये, नाटकाच्या गाडीतच त्यांचं हृदय बंद पडलं. त्यांच्या गावच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. मला निरोप आला होता. गुडघ्याचं कारण सांगून मी गेलो नाही.

गेल्या महिन्यात गेलो, ते कॉलेजात. खरं काय ते एका कागदावर लिहून, सही करून नेलं होतं. करिअर कक्ष आता सुनीताकडे आहे. जाळी काढून टाकली आहे. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कागद सावकाश वाचला.

“सर, हे मी कुठं लावू?”

“रामटेक्यांच्या फाइलला.”

“त्यांची फाइल नाही, सर. तासिकावाल्यांची फाइल राहत नाही. नियमानं पाहिलं तर ते इथं कधी नव्हतेच.”

“मग संस्थेला दे. त्यांना कळू दे, कल्पना माझी होती.”

ती हसली नाही, पण हसू आवरलं हे मला दिसलं. “संस्थेले काय नवीन सांगता सर? मेळाव्याच्या आदल्या दिवशी भाऊरावले कोट घालून तुम्ही बाह्यांचं माप पाहून राहिले होते, तेव्हा अर्धं कॉलेज खिडकीत होतं. सगळ्यांले मालूम होतं.”

“मग कुणी बोललं का नाही?”

“आम्ही पोरं मोर्चा काढणार होतो. रामटेके सरांनीच थांबवलं. म्हणाले, सर आपल्या तोंडानं सांगतील, तुमी कायले घाई करून राहिले? मंग मी इथं लागल्यावर दर सीझन संपला का यायचे. चहा घेता घेता विचारायचे, ‘सर काही बोलले का?’ मी म्हणायची, नाही. ते म्हणायचे, ‘बोलतीन. अजून खुर्चीवर आहेत न. खुर्चीवरून कसं बोलता येईन मानसाले.’”

हायवेवरून एक ट्रक गेला. तो जाईपर्यंत आम्ही दोघं थांबलो.

“आणि मी निवृत्त झाल्यावर?” मी विचारलं.

सुनीतानं कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

“मंग त्यांनी विचारनं बंद केलं, सर.”